आधी आमचे पाणी, मग तपासणी

मी, दयाराम सोनाजी वानखडे, वय बासष्ट, धर्म बौद्ध, रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार खामगाव, जिल्हा बुलढाणा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात कोणी नाही. पत्नी भिमाबाई वारल्या, मूलबाळ नाही.

१. पाण्यातले कीटकनाशक शोधायला इतर लोक भांडेभर द्रावक ओतून घुसळतात. मी पिचकारीच्या सुईला बेंझिनचा एकच थेंब पाण्यात लोंबता ठेवला आणि वाट पाहिली. विष हळूहळू त्या थेंबात उतरते. यात माझी उमेदीची वर्षे गेली. विभागप्रमुख म्हणत, "हा काय पोरखेळ?" त्यांना माझा नमस्कार सांगावा, दुसरे काही देऊ नये.

२. काचेच्या पिचकाऱ्या, तराजू व पुस्तके माझे विद्यार्थी प्रा. शेषराव जाधव यांना द्यावीत. थेंब धरताना त्यांचा हात हलत नाही. माझाही कधी हलला नाही.

३. फवारणीची औषधे आली तसे पिंपळगाव राजा, रोहिणखेडपासून लोक विहिरीचे पाणी घेऊन माझ्याकडे येतात. मी चांगले म्हटले, की तेच पाणी लेकरांना पाजतात. माझ्या माठातले मात्र घेत नाहीत. शेजारचे बागाईतदार भगवंतराव पाटील भर उन्हात येऊनही म्हणतात, "आत्ताच पिऊन आलो, सर. अन् तुमच्या घरी विषाच्या बाटल्या, भेव वाटते." बाटल्या मागच्या खोलीत कुलपात असतात. माझ्या वडिलांच्या घरी तर बाटल्याही नव्हत्या, तरी कोणी पाणी घेत नसे. मला याचे फार वाईट वाटते. आता लपवून काय करू?

४. राहते घरही शेषरावांना द्यावे. त्यांनी पुढच्या खोलीत तपासणी फुकट चालू ठेवावी. अट एकच: बाटली आणणाऱ्याने आधी या घरचे पेलाभर पाणी प्यावे. न पिणाऱ्याची बाटली परत करावी. भिमाबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "लेकराईच्या जिवाशी काऊन खेळता?" म्हणून ज्याच्या घरी लहान लेकरू आहे, त्याला अट माफ.

५. हे सर्व साक्षीदारांना वाचून दाखवले. तिसरे कलम ऐकून भगवंतराव माठाकडे वळले. मग म्हणाले, "सर, मले पाणी द्या." मी दिले. त्यांनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. इतकी वर्षे काऊन लावली, हे मी विचारले नाही. खालची माझी सही हललेली दिसेल. त्यावरून मी शुद्धीवर नव्हतो, असे कोणी समजू नये.

सही: दयाराम सोनाजी वानखडे

साक्षीदार:
१. भगवंतराव उकंडराव पाटील
२. इंद्रभान वामनराव तायडे

स्थळ: खामगाव
दिनांक: १७ मे १९७६