तीन बोटं अंतर

९ फेब्रुवारी

बोलून बसले एकदाची! लेकीला फोनवर सांगून टाकलं — तुझ्या येणाऱ्या बाळाचा पाळणा मी करणार. दुकानातून आणायचा नाही. माझ्या हातचा, लाकडाचा, चार पायांचा, उभ्या दांड्यांच्या कठड्याचा. ती म्हणाली, "आई, तू? बाबा नाही?"

बाबा कुठले! दोन वर्षांपूर्वी लाकूड कापायच्या यंत्रावर यांच्या उजव्या हाताची करंगळी गेली आणि शेजारची तीन बोटं ताठ होऊन बसली. तेव्हापासून परसातल्या शेडमध्ये यांनी पाऊल टाकलेलं नाही. यंत्रं विकली. उजवा हात सदानकदा खिशात. सगळी पेठ ज्यांना मिस्त्री म्हणून हाक मारते, ते दिवसभर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतात. जाहिरातींसकट!

लेक म्हणाली, "पाच मार्चच्या रविवारी आम्ही दुकानात जाणार आहोत. तोवर तुझा झाला, आणि नीट झाला, तर बघू." बघू म्हणे!

१० फेब्रुवारी

यांना सांगितलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पटाशीचं तोंड कुठलं नि बूड कुठलं, एवढं तरी कळतं का तुला?"

जन्मभर यांच्या कपाटांना काचपेपर घासला तो मी. पॉलिश चढवलं ते मी. गिऱ्हाईक हात फिरवून "वा मिस्त्री!" म्हणायचं, ते मी गुळगुळीत केलेल्या लाकडाला. फक्त कापलं नाही कधी. पटाशीचं बूड विचारतात! तिची सात पिढ्यांची माहिती देईन म्हणावं.

१३ फेब्रुवारी

शेड उघडलं. जळमटं, धूळ, करवतीला गंज. वखारवाल्याने सागाच्या पट्ट्या पाठवल्या. हमालाने विचारलं, "मिस्त्रींनी काम सुरू केलं वाटतं?" मी म्हटलं, "हो, केलं."

खोटं काय त्यात? काम सुरू झालंच आहे.

१४ फेब्रुवारी

एक पट्टी वाकडी कापून वाया. एक पट्टी बोटाला.

१७ फेब्रुवारी

आज गंमत. खुर्ची परसात आली. पाठ शेडकडे, पेपर तोंडासमोर. मी रंधा मारतेय, तोच बाहेरून ओरडले, "उलटा मारतेयस! लाकडाची रेष बघ, तिच्या वाटेने जा!" बघितलं, तर खरंच उलटा. नुसत्या आवाजावरून ओळखलं! पट्टी फिरवली. छिलका कसा लांबलचक, पातळ निघाला. बाहेरून एक "हं" आलं. या माणसाकडून "हं" मिळायला लोकांची वर्षं जातात.

आत या म्हटलं, तर पेपराचं पान उलटलं.

२१ फेब्रुवारी

पहिला सांधा बसला! खिळा नाही, स्क्रू नाही. खाचेत पट्टीचं टोक घातलं, हातोडीचे दोन ठोके, आणि असं घट्ट की ओढून निघेना. मी एकटीच शेडमध्ये नाचले. या वयात, या गुडघ्यांनी! कुणी बघितलं नाही ते बरं झालं.

२४ फेब्रुवारी

दांड्या बसवायला घेतल्या. बाहेर विचारलं, "मधे किती ठेवू?" उत्तर आलं, "तीन बोटं." ठेवली तीन बोटं. शिवाय एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोकळं सोडलं, बाळाला जरा हवा लागू दे म्हणून. संध्याकाळी चारही बाजू उभ्या! मागे सरून बघितलं. इतकं देखणं काही मी आजवर केलेलं नाही. लेक सोडून.

२६ फेब्रुवारी

लेक आणि जावई आले. तिला पोट सांभाळत खाली बसवेना, तरी शेडमध्ये आली. दांड्यांवरून हात फिरवला. डोळे भरले तिचे, मी पाहिलं. मग पिशवीतून थंड पेयाचा डबा काढला. म्हणाली, "आई, रागावू नकोस. होणाऱ्या आईबाबांच्या वर्गात आम्हाला शिकवलंय. हा डबा दोन दांड्यांतून गेला, तर बाळाचं अंगही जाऊ शकतं आणि डोकं अडकतं."

गेला. एका फटीतून नाही, एकूण एक फटीतून. अगदी आरामात!

जावई बिचारे छताकडे बघत राहिले. लेक हळूच म्हणाली, "राहू दे आई. रविवारी आणतो दुकानातला. हा आपण खेळण्यांसाठी वापरू."

खेळण्यांसाठी!

२७ फेब्रुवारी

रडले. रडून झाल्यावर बोटं बघत बसले. काचपेपर घासून घासून पेरं ही एवढी सुजलेली. माझी तीन म्हणजे भल्या माणसाची चार! वर ते हवेचं सूत. यांनी माप बरोबरच सांगितलं होतं. ते यांच्या बोटांचं.

आडव्या पट्ट्यांना सगळीकडे भोकं पडलीत. नव्या करायच्या, तर आठवडा उरलाय. टेपने आखून बघितलं. दर दांडीला केसभर चुकतं, शेवटच्या दांडीपर्यंत बोटभर होतं. बाळाच्या डोक्याचा प्रश्न आहे, इथे केसभर कसं चालेल? पाळणा माझ्या हातून जातोय. मला तो फार हवाय.

२८ फेब्रुवारी

सकाळी नवी पट्टी ठोकत होते. अंधारलं म्हणून वर बघितलं. हे दारात उभे.

आत आले! पाळण्याभोवती एक फेरी मारली. सांधा हलवून बघितला, हलला नाही. मग उजवा हात खिशातून काढला आणि पट्टीवर उभा धरला. तीन ताठ बोटं, चिकटून, सरळ. म्हणाले, "वळत नाहीत. म्हणजे माप हलायचं नाही. लाव दांडी."

टेप लावून पाहिला. लेकीच्या डब्यापेक्षा चांगलं कमी. दोन वर्षांत पहिल्यांदा तो हात मी उजेडात नीट बघितला. त्याबद्दल मी काही बोलले असते, तर मला रडू फुटलं असतं. म्हणून म्हटलं, "हलवू नका हं! मी खूण करतेय."

"मी हलवत नाही, तू बडबडू नकोस," म्हणाले. दांडी, हात, दांडी, हात. जेवणाची आठवण दोघांनाही नाही.

२ मार्च

आज यांनी डाव्या हाताने पट्ट्या धरल्या, मी भोकं पाडली. भांडलो भरपूर. फार बरं वाटलं.

५ मार्च

रविवार! डबा आला. पहिल्या फटीत अडला. दुसऱ्या फटीत अडला. लेक चिवट, एकही फट सोडली नाही. सगळीकडे अडला! जावयांना म्हटलं, रेला कठड्यावर. रेलले. चांगले भारदस्त आहेत. पाळणा हूं की चूं नाही!

लेकीने दुकानदाराला तिथूनच फोन लावला, "नको, आमचा आलाय." आमचा आलाय! मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी वाजवली.

११ मार्च

नात. दोघी ठणठणीत. नाक आजोबांचं, त्याला इलाज नाही.

१५ मार्च

नातबाई लेकीच्या घरी आल्या आणि पाळण्यात निजल्या. मूठ दांडीला धरून! सगळे बाळाकडे बघत होते. मी आधी सांधे बघितले, मग बाळ. खोटं कशाला लिहू?

२० मार्च

फाटकाशी एक तरुण जोडपं आलं. तिचे दिवस भरत आलेले. जावयांच्या शेजारी राहतात, पाळणा बघितला म्हणाले. "मिस्त्री, आम्हाला एक कराल का?" असं यांनाच विचारलं. यांनी शेडकडे तोंड करून जोरात हाक मारली, "मिस्त्रीऽऽ! गिऱ्हाईक आलंय!"

कुणाला बोलावतात म्हणून मी मागे वळून बघितलं. शेडमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.