'उधाण'चा बारावा अंक

१२ जानेवारी २०२५, रेवदंडा

आज पुन्हा तेच! चहाची बशी खाली ठेवून आई म्हणाली, "बारावा गावला का?"

नाही गं, म्हटलं.

सत्त्याण्णव वर्षांची झाली. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण त्रेचाळीस सालचं 'उधाण' हे चोरटं पत्रक आठवतं. बाहेर महायुद्ध, सरकारविरुद्ध लिहायला बंदी. आईच्या माहेरी जेवायला असलेला सदा मजकूर लिहायचा आणि पंधरा वर्षांची आई लोखंडी लेखणीने स्टेन्सिल कोरायची. अक्षर चांगलं म्हणून! खाडीपलीकडच्या मिठाच्या वखारीत छपाईचं सायक्लोस्टाईल यंत्र लपवलेलं. आजोबांच्या होडीतून अंक बाहेर पडायचे. असे अकरा निघाले. मग धाड पडली, यंत्र गेलं. सदा मचव्यातून मुंबईला निसटला. तिथून बारावा काढला म्हणे. वर्षभरात पकडला गेला, आणि तुरुंगातच तापाने गेला.

तो बारावा आईने पाहिलाच नाही.

१४ जानेवारी

अलिबागहून कलेक्टर कचेरीचा फोन. सव्वीस तारखेला आईचा सत्कार करायचाय. मला किती आनंद झाला!

"न्हाय," आई म्हणाली. बस्स.

स्वातंत्र्यसैनिकाचा फॉर्म बाबांनी दोनदा आणला होता. दोन्ही वेळा चुलीत गेला. बाबा किती हिरमुसले होते.

१५ जानेवारी

आई दुपारभर ओट्यावर, खाडीकडे बघत. बाबा जाऊन वीस वर्षं झाली, त्यांची अशी वाट तिने कधी पाहिली नाही. अडुसष्टाव्या वर्षी मी एका मेलेल्या माणसाचा हेवा करते — लाज वाटते लिहितानाही.

१९ जानेवारी

सापडला!! महिन्यापूर्वी पेपरात चार ओळी दिल्या होत्या. आज सदाच्या भावाच्या नातीचा फोन — नेत्रा, मुंबईला असते. "आमच्या ट्रंकेत आहे. फोटो नाही पाठवत, आजींच्या हातातच देते."

आईला सांगितलं. तिने फक्त पदर नीट केला.

२२ जानेवारी

मांडव्याच्या धक्क्यावर जाऊन नेत्राला घेऊन आले. कागद तपकिरी, घड्यांवर उसवलेला. आईने ओळींवरून बोट फिरवलं.

"माजं अक्षर न्हाय." मग मला म्हणाली, "वाच."

वाचत गेले. शेवटी चौकटीत होतं — 'आमचे यंत्र आमच्याच गलथानपणामुळे गेले. रेवदंड्यातील कोणाही घरावर संशय घेऊ नये. ज्या घराने आम्हांस जेवू घातले, त्या घरावर तर मुळीच नाही.'

"परत वाच."

तीनदा वाचलं. आई रडली नाही. नेत्राचा हात मात्र सोडेना.

"त्याचा फोटो हाय?"

"नाही हो आजी. एकही नाही."

"मंग तू जरा उजेडात बस," आई म्हणाली. आणि बघत राहिली तिच्याकडे.

२३ जानेवारी

आई जेवली नाही.

२४ जानेवारी

सत्काराचं मी पुन्हा विचारलं. कशाला विचारलं!

आई म्हणाली, "फौजदारानं बापूसला दोन दिवस टांगून ठेवला व्हता. वखार मीच दावली, मृणाल. सदाला ठावं व्हतं."