आमच्या प्रभागाला लागलेला मर्ज

३ एप्रिल
वैष्णवी पुण्याहून आली. लेक आली की घरात एक नवी योजना येतेच! म्हणे, संगणकाचे मोठमोठे प्रोग्राम जगभरची अनोळखी माणसं मिळून लिहितात. मसुदा उघडा. कुणीही दुरुस्ती सुचवायची, कारण द्यायचं. सगळ्यांना पटली की 'मर्ज', म्हणजे मसुद्यात सामील. आता आमच्या प्रभागाचा पाण्याचा नियम तसाच लिहायचा. नगरसेवक उदयसिंह तयार झाले. होणारच, फोटो निघाला!
नळ चार दिवसांआड. खालच्या गल्लीत आम्ही सगळे मोटार लावून पाणी ओढतो. वरच्या गल्लीत सुंदरम्माचा नळ नुसता फुसफुसतो.

४ एप्रिल
शेजारच्या शमशादभाभींना म्हटलं, सूचना मर्ज होणार. "या अल्ला! मर्ज? किसकू हुआ?" त्यांच्या बोलीत मर्ज म्हणजे दुखणं. वैष्णवी हसली नाही. तिच्या वाटचंही मी हसले.

७ एप्रिल
पहिली दुरुस्ती – उदयसिंहांच्या नावाआधी 'मा.' लावा. दुसरी – 'कार्यसम्राट'ही लावा. पाण्याबद्दल अजून कुणी काही सुचवलेलं नाही.
वैष्णवीला विचारलं, पटलं नाही तर? "फोर्क. फुटून आपला वेगळा मसुदा काढायचा." अगं, फुटायचं आम्हाला शिकवतेस? गल्लीतली गणपती मंडळं मोज!

९ एप्रिल
सुंदरम्मा रिकामी घागर घेऊन दारात. लेक माहेरी बाळंत झालीय. "अक्का, दुपटी धुवायला तरी द्या की." दिलं. म्हटलं, मसुद्यात लिही हे. "तुमीच लिवा. तुमचं लिवणं लई टोचतंय."
लिहिलं, गंमत म्हणून – 'नळाच्या मोटारी काढाव्यात, शुभारंभ मा. कार्यसम्राटांच्या बंगल्यापासून. पाणी आधी वरच्या गल्लीला, मग खालच्या. कारण : दुपटी भाषणात धुता येत नाहीत.'

१० एप्रिल
बाई गं! अख्ख्या वरच्या गल्लीचं 'मान्य'! उदयसिंहांचा फोन – "ताई, असली चेष्टा?"
"चेष्टाच हो. नाकारा ना! फक्त कारण लिहावं लागेल, सगळ्यांसमोर."
फोन ठेवला त्यांनी.

१३ एप्रिल
मर्ज! नकाराचं कारण कुणालाच लिहवेना. उदयसिंहांची मोटार निघाली, फोटोसकट. मागोमाग आमच्याही. भिंतीवरून शमशादभाभी – "मैं बोली थी ना? मर्ज तुमकूच हुआ!"

१५ एप्रिल
नळाचा दिवस. आमची पाळी येईतो प्रभागाच्या पाण्याची टाकीच रिकामी. रागारागानं मसुदा उघडला – 'खालच्या गल्लीनं काय घोडं मारलंय?' इथवर लिहिलं, तोच दार वाजलं. सुंदरम्मा. कडेवर भरलेली घागर.
"लिवताय व्हय, अक्का? आधी घ्या की."