आईच्या आवाजाच्या तीन सारख्या प्रती

३ मार्च
आईच्या घशाचं ऑपरेशन एकवीस तारखेला नक्की. सर्जन स्पष्टच बोलले, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज नाही. घरी सगळे रडले. मी नाही. कुणीतरी डोकं शांत ठेवायला हवं. बाथरूममध्ये गेलो होतो ते तोंड धुवायला.

ताईने गेलं वर्षभर आईला बोलतं करून फोनवर रेकॉर्ड केलंय. गोष्टी, अंगाया, पाढे, नातवंडांना मारलेल्या हाका. आता आवाज बसलाय, तेव्हा खणखणीत होता. फोन भरला की ताई अधूनमधून काहीबाही डिलीट करते म्हणे! अंगावर काटा आला. सगळं माझ्याकडे सोपव म्हटलं. ऑफिसात कॉम्प्युटरचं अडलं की लोक मलाच विचारतात. निदान प्रिंटरचं तरी.

५ मार्च
सगळं लॅपटॉपवर घेतलं. ताईला फोनमधून उडवायला लावलं, ट्रॅशसुद्धा रिकामा. दहा ठिकाणी दहा तुकडे असले की घोळ होतो. ती कां कूं करत होती. माझ्यावर विश्वास नाही का, असं विचारलं. तिने उलट विचारलं, नक्की उडवू ना? आवडलं नाही.

बायको म्हणाली, क्लाउडवर टाका. साफ नकार. आपली आई दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही.

६ मार्च
सगळं कॉम्प्रेस करून एकच फाइल केली, थेट पेनड्राइव्हवर. सॉफ्टवेअर विचारत होतं, दुरुस्तीसाठी जादा माहिती जोडू का, फाइल थोडी मोठी होईल. नको म्हटलं. मग विचारलं, सगळं एकसंध दाबू का. हो म्हटलं. एके ठिकाणी बिघडलं तर पुढचं सगळं जाईल, अशी बारीक अक्षरात सूचना होती. बिघडेल कशाला?

शंभर टक्के झालं आणि बायकोची हाक आली. पेनड्राइव्ह उपसला आणि पळालो. दिवा लुकलुकत होता अजून. लॅपटॉपने कसलीशी तक्रार केली. तो मुळातच तक्रारखोर आहे.

७ मार्च
पेनड्राइव्हवरून एक प्रत हार्डडिस्कवर, एक ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. लॅपटॉपवरचं मूळ काढून टाकलं. केवढी जागा मोकळी झाली! लगेच सिनेमे उतरवले.

मग चेकसम काढले. फाइलच्या बोटाचा ठसाच तो. तिन्ही प्रतींचे तंतोतंत सारखे, एका अक्षराचा फरक नाही. आता आग लागो, पूर येवो, आई सुरक्षित. ताईला सविस्तर कळवलं. तिने ‘बरं’ पाठवलं. नुसतं बरं.

११ मार्च
बायको विचारते, उघडून पाहिलंत का? म्हटलं, तिन्ही सारख्या आहेत. ती म्हणाली, ते झालं, पण उघडून पाहिलंत का? हिला मुद्दाच कळत नाही. सारखी उघडझाप केली की फाइल झिजते. असं कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं.

१५ मार्च
झोप नीट लागत नाही. ऑपरेशनचं टेन्शन. फाइलचं अजिबात नाही. उद्या टेस्ट करून टाकतो, बायकोच्या समाधानासाठी.

१६ मार्च
ऑफिसात फार काम.

१७ मार्च
टेस्टचं बटण समोर होतं. त्यावर बाणही नेला. तेवढ्यात चहा आला.

१९ मार्च
आई आज दाखल झाली. ताईचा फोन. आई घाबरलीय, तिला तिचीच अंगाई ऐकवू या, तेवढी एक पाठव. ऐटीत डबल क्लिक केलं.

फाइल खराब आहे, उघडता येत नाही.

ही पेनड्राइव्हवरची. हार्डडिस्कवर तेच. ऑफिसला धावलो, तिथेही तेच. चेकसम खोटं बोलला नव्हता. तिन्ही अगदी सारख्या आहेत.

लॅपटॉपवरचं मूळ परत मिळतंय का पाहिलं. त्या जागेवर सिनेमे बसलेत. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवलं, त्यातून एक तुकडा निघाला. त्यात ताई म्हणते, बोल ना आई, चालू झालंय. पुढे खरखर.

ताईला कळवलं, नेट गेलंय.

२० मार्च
ठरवलं, आईला ऑपरेशनआधी त्रास द्यायचा नाही. हॉस्पिटलात आईच्या खाटेपाशी ताईला हळूच सांगितलं, किरकोळ तांत्रिक अडचण आहे. तिने विचारलं, किरकोळ म्हणजे? म्हटलं, एक फाइल उघडत नाही. कुठली? म्हटलं, एकच आहे, सगळं त्यातच आहे.

ताईच्या आधी आईच बोलली. कान शाबूत आहेत तिचे.

डॉक्टरांनी मोजकंच बोला म्हणून बजावलं होतं. ते सगळं मोजकं तिने माझ्यावर खर्च केलं. बसलेल्या आवाजात, पण तोंडाचा पट्टा तोच. लहानपणी मी घड्याळ उघडून जोडलं तेव्हा उरलेले स्क्रू. जपून ठेवलेलं आणि परीक्षेच्या सकाळी न सापडलेलं हॉलतिकीट. बाबांचा चष्मा मी सुरक्षित ठेवला, तो अजून सुरक्षितच आहे. मधूनमधून गाढवा. शेजारच्या पेशंटने टीव्हीचा आवाज बंद केला. मी तांत्रिक बाजू समजावणार होतो, पण रडू यायला लागलं.

मग ताई म्हणाली, आई, आता अंगाई म्हण. आईने तोंड उघडलं. आवाज फुटेना. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर आल्यावर कळलं, ताईने अंगाईसाठी फोनचं रेकॉर्डिंग आधीपासूनच लावून ठेवलं होतं.

२९ मार्च
ऑपरेशन चांगलं झालं. आई ताईकडे आहे, खुणांनी बोलते. आज गेलो. ताईने सगळ्यांसमोर ते रेकॉर्डिंग लावलं. भाची हसून लोळली. स्क्रूंचा भाग आला की आई खूण करते, परत लाव.

ताईला म्हटलं, एक प्रत मला दे, या वेळी पद्धतशीर जपतो. ती म्हणाली, ऐकायला रोज ये, न्यायला येऊ नकोस. तिच्या फोनवर आहे, क्लाउडवर आहे, माझ्या बायकोकडेही आहे. उघडून पाहिलंय म्हणे. माझ्याशिवाय सगळ्यांकडे आहे.

शेवटपर्यंत ऐकलं. बोलणी संपल्यावर आई दम घेते आणि अगदी बारीक आवाजात म्हणते, जेवलास का रे? त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं. आज माझ्या तोंडून पटकन ‘नाही’ निघालं. आईने ताईला ताट वाढायची खूण केली.