आचारीणबाईची वही

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू रडलीस आणि मला बरं वाटलं. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नंतर धीर होणार नाही. तीन ठिकाणच्या लोकांनी तुझा प्रयोग करून पाहिला, कुणाचंच यीस्ट धागे काढत नाही, आता तुझ्या नव्या प्रयोगशाळेतही काढत नाही, शुक्रवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर छापून आलेला संशोधनाचा पेपर मागे घ्यावा लागणार, असं तू हुंदके देत सांगत होतीस. मी "अगं बाई" म्हणत होते आणि एकीकडे कपबशा विसळत होते.

तुझा हेवा काही आजचा नाही. आपण दोघी एकाच दिवशी सरांच्या प्रयोगशाळेत रुजू झालो, एकच टेबल वाटून घेतलं. पण सर आत आले की आधी तुझ्याकडे वळायचे. तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचीस आणि मी माध्यम करायचे, म्हणजे त्या यीस्टचं जेवण: क्षार, अमिनो आम्लं, साखर, सगळं तोलूनमापून. आचारीणबाई हे नाव तूच ठेवलंस. सगळे हसले, मीही हसले.

ती सकाळ आठवते ना? हाताला धरून ओढतच नेलंस मला. आपलं यीस्ट एरवी मोहरीसारखं गोल. तसं असेपर्यंत ते माणसाच्या तोंडात, आतड्यात निमूट राहतं. धागे काढले की पेशींत घुसतं आणि आजारी माणसाच्या जिवावर उठतं. त्या दिवशी दाण्यादाण्याला धागा फुटला होता. तू म्हणालीस, या वेळी माध्यमात घालायला लावलेल्या नव्या अमिनो आम्लाचा हा प्रताप. ते जाळून याला धागे काढायचं बळ मिळतंय. तुझं बरोबर होतं. मी शंभरदा पाहिलं असतं तरी मला नुसते धागेच दिसले असते.

पुढे तुझं नाव झालं. पेपरात माझं नाव आभारांत, काचसामान धुणाऱ्या मावशींच्याही नंतर. मावशींनी ती ओळ कापून कपाटाला चिकटवली. मी चिकटवली नाही, पण पाठ आहे. आणि तू? माझ्या आईच्या ऑपरेशनला आठवडाभर तिच्या उशाशी बसलीस. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जिकिरीचं काम आहे गं, बोट ठेवायला जागाच सापडत नाही.

परवा तू विचारलंस, "तुला काही आठवतंय का गं? आपण तेव्हा काही वेगळं केलं होतं का?" मी म्हटलं, "नाही बाई."

आठवतंय. सोबत माझ्या वहीचं पान आहे. लिटरला वीस ग्रॅम साखर घालायची होती, मी दोन घातली. तू आनंदाने नाचत होतीस, तेव्हाच वजन लिहिताना लक्षात आलं. आधी घाबरले. चूक उघडी पडू नये म्हणून पुढेही तुझ्या बाटल्यांत दोनच घालत राहिले आणि लेबलवर वीस लिहीत राहिले. नंतर भीती गेली. माझ्या हाताशिवाय हिचं काही चालत नाही, हे मला एकटीलाच ठाऊक होतं आणि ते सोडवेना. पोटभर साखर मिळाली की हे यीस्ट तुझ्या अमिनो आम्लाकडे ढुंकूनही बघत नाही, गोलच राहतं. साखर कमी पडली की ते जाळायला घेतं आणि धागे काढतं. ते सगळे बिचारे पेपरात छापलेली वीस ग्रॅम घालताहेत. काल मी दोन्ही बाटल्या लावल्या. आज दोन ग्रॅमच्या बाटलीत धागे आहेत, वीसच्या बाटलीत एकही नाही. सरांना आज दुपारीच सांगणार आहे, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. शुक्रवारच्या उत्तरात चूक कुणाची ते नावानिशी लिही. या वेळी मला आभारांत घालू नकोस. तू मला माफ करशील, मला माहीत आहे. मला ते जमलं नसतं, आणि याचाच हेवा सगळ्यात जास्त वाटतो.

तुझीच,
आचारीणबाई