नवस फेडल्यानंतरचा खोकला

आये, गेल्या मंगळवारी माझा नवस फेडला. कोंबडं, तांदळाच्या भाकऱ्या, सगळं तुझ्या पद्धतीनं. तुझ्यासारखीच माझ्याही मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली होती, ती काढली. तुझ्या वेळी डॉक्टर जे बोलले होते तेच याही वेळी बोलले, साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. ह्यांनी सोसायटीभर पेढे वाटले. मी हसून सगळ्यांचं ऐकून घेतलं.

नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव घरात पुन्हा काढायचं नाही, हे तुझंच शिकवणं. तुझ्या ऑपरेशनला बरीच वर्षं झाली होती. पनवेलच्या बाजारात सुकट विकताना तू खोकत होतीस. दाखवून येऊ म्हटलं, तर म्हणालीस, "सुकटीची धूल हाय गो ती. आपल्यात कोन खोकत नाय?" तेही खरंच होतं. शेवटी ओढूनच नेलं. डॉक्टरांनी आधीची दुखणी विचारली, तर मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "कायबी झालं नाय कदी." बाहेर आल्यावर वर मलाच दटावलंस, "देवीला खोटी ठरवायची हाय का तुला?" मग टीबी समजून औषधं चालली. फार उशिरा फुप्फुसातला तुकडा काढून तपासला, तर तो डोक्यातल्या गाठीचाच निघाला. असली गाठ सहसा कवटीबाहेर जात नाही, लाखात एखादीच जाते, असं डॉक्टर सांगत होते आणि स्वतःच चक्रावले होते. लाखातली एक आपल्याच घरात का, याचा मला अजून संताप येतो. तू गेलीस, तरी तुझाही येतो.

आता मी खोकतेय. मी बँकेत बसते, माझ्याकडे दोष द्यायला सुकटीची धूळही नाही. साधा खोकला असेलही. पण ह्यांच्यापुढे बोलायची सोय नाही, सासूबाई तर कानांवर हात ठेवतील. नळ सोडून न्हाणीघरात खोकते. आपल्याच घरात कोंडल्यासारखं झालंय बघ.

उद्या डॉक्टरांकडे जाणार आहे, कुणाला न सांगता. माझं सांगेन, तुझंही सांगेन. हा कागद फाडूनच टाकायचा आहे, म्हणून एक लिहिते. कळायच्या आधीचे ते महिने तू किती मजेत होतीस, गिऱ्हाइकांशी भांडत, हसत. आये, मलाही तसे थोडे महिने हवे होते.