मडक्यावर वाकलेला माणूस

रविवार संध्याकाळ, पिनर

आज सकाळी इथल्या पॉटरी क्लासमध्ये शेजारच्या मेईने ओल्या मातीवर काडीने एक चिनी अक्षर काढलं. थाओ, म्हणजे मातीची भांडी. "हा डावीकडे टेकडीचा उंचवटा, हा वाकलेला माणूस, आणि त्याच्या पोटाशी मडकं," ती म्हणाली. मी बघतच राहिले. बाबाच की! तिकडे गावी, भद्रावतीच्या आमच्या अंगणात चाकावर असेच वाकलेले असायचे.

आता पाठीमुळे त्यांचं चाक बंद आहे. घरी आल्याआल्या त्यांना अक्षराचा फोटो पाठवला आणि फोन लावला.

"बरोबर वाकलाय," बाबा म्हणाले. "कुंभारच आहे."

"बाबा, मेई सांगत होती, याच अक्षराचा आणखी एक अर्थ आहे. आनंदात असणं."

ते हळूच म्हणाले, "खरं आहे ते." आणि लगेच आईला हाक, "अगं, चाकावरची ताडपत्री काढ जरा."

पाठ दुखणार, हे मला माहीत होतं. आईलाही. मग मी अडवलं का नाही?

अडवावंसं वाटलंच नाही. फोन तसाच चालू ठेवून मी चाकाची घरघर ऐकत बसले.